ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्या

प्रश्न असा आहे : नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. २०१९ साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी, गेम्स १ टीबी हार्ड डिस्कवर, ४५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा), १०८०पीचा ७५ हर्ट्झ मॉनिटर. व्हॅलोरंटमध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला येणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं) बरा दिसतो, पण समोरासमोर गोळीबार सुरू झाला की झटके बसतात. सायबरपंक २०७७ तर अडखळतच चालतो. कॅनडा कॉर्नरच्या दुकानात आरटीएक्स ४०६० सुचवलं, मित्र म्हणतो प्रोसेसर बदल. तीस हजारांपर्यंत खर्च करता येईल. आधी काय बदलू?

दुकानदार चुकीचं सांगत नाही आणि मित्रही नाही. दोघं वेगवेगळ्या गेमबद्दल बोलत आहेत. सायबरपंकचा भार मुख्यतः कार्डावर पडतो, व्हॅलोरंटचा प्रोसेसरवर. पण तुमच्या पीसीत या दोन्हींच्या आधी आड येणारी गोष्ट वेगळीच आहे : रॅमची ती एकटी स्टिक, आणि गेम्स ठेवलेली हार्ड डिस्क. म्हणून माझा क्रम असा : आधी रॅम, मग गेमसाठी एसएसडी, उरलेल्या पैशांत ८ जीबीचं कार्ड, आणि प्रोसेसर पुढच्या खेपेला. हा क्रम माझ्या शब्दावर मानू नका. खाली सांगितलेली चाचणी करून तो तुमच्याच पीसीवर पडताळून घ्या.

सायबरपंकचा उलगडा मोजमाप न करताही होतो. सप्टेंबर २०२३मध्ये त्याची २.० आवृत्ती आली, त्याच सुमारास कंपनीने किमान गरजा वाढवल्या : १२ जीबी रॅम, एसएसडी, आणि कार्ड ६ जीबीचं जीटीएक्स १०६० किंवा त्या तोडीचं. प्रोसेसर मात्र रायझन ५ १६०० पुरतो. तुमचा २६०० त्याच्या पुढचा आहे. म्हणजे चारपैकी तीन अटींत पीसी कमी पडतो आणि जी एक अट पुरी होते ती प्रोसेसरची. कुठलाही गेम अडखळला की पहिली दोन मिनिटं त्याच्या किमान गरजा वाचण्यात घालवावीत. नुसत्या कार्डाचं नाव पाहू नका, रॅम आणि डिस्कची ओळही पाहा.

आता मोजमाप. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजमापाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. आकडे गेमच्या पडद्यावर दाखवणारा रिवाट्यूनर त्याच्यासोबतच येतो. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी आफ्टरबर्नर चालतो. सेटिंगमध्ये मॉनिटरिंगच्या पानावर या गोष्टींपुढे खूण करून त्या गेमच्या पडद्यावर दिसतील असं करा : जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप) वापर, जीपीयू मेमरी, जीपीयू क्लॉक, जीपीयू तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वेगळा वापर, प्रोसेसर क्लॉक आणि तापमान, रॅम, फ्रेमरेट, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ), तोही आलेखाच्या रूपात. सरासरी एफपीएस फसवा असतो. सेकंदाला ९० फ्रेम्स येत असतील, पण त्यातली एक फ्रेम ८० मिलिसेकंदांनी आली, तर आकडा ९०च्या आसपासच राहतो आणि हाताला मात्र झटका जाणवतो. तुमच्या ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला दर १३.३ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते. आलेखाची रेघ त्याच्या खाली सपाट राहिली पाहिजे. वर उसळलेला प्रत्येक काटा म्हणजे एक झटका.

चाचणीआधी व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट दोन्ही बंद करा. लिमिट चालू असेल तर कार्ड मुद्दाम आरामात चालतं, वापर ५० टक्के दिसतो आणि माणूस विनाकारण प्रोसेसरला दोष देतो. गेममधली एकच जागा निवडा, जिथे गर्दी असते. सेव्ह करून ठेवा, आणि तोच ६० सेकंदांचा फेरफटका तीनदा मारा. पहिली फेरी मोजू नका. नवीन ड्रायव्हर किंवा गेमच्या अपडेटनंतर पहिल्या फेरीत शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात, त्याचे झटके कोणताही पार्ट बदलून पूर्ण जात नाहीत. दुसऱ्या फेरीत गायब होणारा झटका तुमच्या हिशोबात धरायचाच नाही. व्हॅलोरंटसाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्सच्या पानावर सीपीयूचा (प्रोसेसरचा) आणि जीपीयूचा वेळ वेगवेगळा दाखवता येतो. ज्याचे मिलिसेकंद जास्त, तो अडवतोय. इतकं सरळ उत्तर फार थोडे गेम देतात.

आकडे असे वाचा. जीपीयू वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल, तर कार्ड आपली पूर्ण ताकद लावतंय. जास्त फ्रेम्स हव्या असतील तर कार्डच बदलायला हवं. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि फ्रेम्स वाढत नाहीत, तर कार्ड कुणाची तरी वाट पाहतंय. तो 'कुणीतरी' बहुतेकदा प्रोसेसर असतो, पण एका स्टिकवर चालणारी रॅमही असू शकते.

इथे बहुतेकांची गफलत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसला की लोक म्हणतात, प्रोसेसर तर मोकळा आहे. तुमच्या २६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकट्याने पूर्ण क्षमतेने पळत असला तरी एकूण वापरात तो जेमतेम ८ टक्के भरतो. बाकीचे थ्रेड रिकामे बसले म्हणून मुख्य थ्रेडचं काम लवकर उरकत नाही. त्यामुळे एकूण आकडा सोडा, प्रत्येक थ्रेड बघा. विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवतही असतं, त्यामुळे तिथेही कधी १०० दिसत नाही. म्हणून खात्रीची चाचणी वेगळी आहे : रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा, बाकी सेटिंग तशीच ठेवा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले. फ्रेम्स चांगल्याच वाढल्या तर अडसर कार्डाचा होता. फ्रेम्स जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅमचा. पाच मिनिटांची ही चाचणी न करता कुणी हजारो रुपयांचं कार्ड घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कार्डाची मेमरी कमी पडण्याची लक्षणं वेगळीच असतात. मेमरीचा आकडा ४ जीबीच्या काठाला टेकलेला, आणि मधूनच जीपीयू वापर कोसळतो, त्याच क्षणी फ्रेमटाइमचा काटा उंच जातो. कधी भिंतींवरची चित्रं धुरकट राहतात. कार्डात न मावलेला भाग साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड ज्या स्लॉटात बसतं त्या जोडणीच्या) वाटेने ये-जा करतो. ही वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी हळू आहे. तुमच्याकडे तर ती रॅमही आधीच भरलेली, मग तोच माल शेवटी डिस्कवर जातो. टेक्स्चर सेटिंग एक पायरी खाली आणून पाहा. सरासरी फारशी न बदलता झटके थांबले, तर निदान पक्कं.

रॅमसाठी गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. ८ पैकी साडेसातच्या आसपास वापर आणि हार्ड डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के, ही जोडी दिसली की पुढचं काही मोजायचं कारण नाही. व्हॅलोरंटसोबत डिस्कॉर्ड आणि ब्राउझरच्या दहा टॅब उघड्या ठेवून खेळणाऱ्याला हे हमखास दिसतं. गोळीबार सुरू झाला की येणारे तुमचे झटके प्रामुख्याने इथूनच येत असावेत असा माझा अंदाज आहे.

दुसरी स्टिक घेतल्याने दोन फायदे होतात. जागा दुप्पट होते हे सगळ्यांना कळतं. दुसरा फायदा वाटेचा. डीडीआर४ची एक वाट, म्हणजे चॅनेल, ६४ बिटांची. २६६६च्या वेगाला ती सेकंदाला सुमारे २१.३ जीबी माल वाहते. दोन स्टिक योग्य जागी लावल्या की दोन वाटा उघडतात आणि हा आकडा ४२.६ होतो. रायझनमध्ये तर रॅमच्या वेगावर प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचाही वेग ठरतो, त्यामुळे या पिढीला मंद आणि एकटी रॅम इतरांपेक्षा जास्त बाधते. प्रोसेसर न बदलता प्रोसेसरची कुचंबणा कमी करायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

२०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरीचा ओढा वाढला. त्यामुळे जुन्या भावाची अपेक्षा धरून दुकानात जाऊ नका. पण त्याच कारणाने डीडीआर५ लागणाऱ्या नव्या मदरबोर्डवर उडी मारणंही आज महाग पडतं. म्हणून आहे त्या डीडीआर४ आणि एएम४ (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) बोर्डातून जितकं काढता येईल तितकं काढावं. आत्ताची स्टिक बाहेर काढून तिच्यावरचा पूर्ण भाग क्रमांक टिपून घ्या आणि शक्य तितकी तशीच ८ जीबीची घ्या. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची स्टिक बहुधा चालते, पण दोन्ही मंद स्टिकच्या वेगाला येतात, आणि एक्सएमपी (रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्यावर कधी पीसी सुरूच होत नाही.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. शेजारी-शेजारी लावलेल्या दोन स्टिक बऱ्याच बोर्डांवर एकाच वाटेवर चालतात. मग बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी चालू करा; काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. तो बंद असेल तर ३२००ची रॅमही २१३३ किंवा २४००वर चालते, आणि असे पीसी वर्षानुवर्षं तसेच चालत राहतात. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनेल दिसतात का ते बघा. तिथे रॅमचा वेग अर्धा दिसतो, ३२०० असेल तर १६००; घाबरू नका. नवीन रॅम लावल्यावर पहिल्यांदा पडदा एक-दोन मिनिटं काळा राहू शकतो, बोर्ड रॅम जोखत असतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. त्यानंतरही चित्र आलं नाही तर एकेक स्टिक लावून पाहा, सोनेरी संपर्क मऊ खोडरबराने हलके पुसा, आणि तरीही नाही तर मेन स्विच बंद करून बोर्डावरचा बटणासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

एसएसडीबद्दल फार खल नको. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना तिचा वेग एक-दोन एमबीवर येतो, आणि मोठ्या नकाशाचे गेम नेमकं तेच मागतात. गाडी वेगात शहरात शिरली की होणारा अडथळा तो हाच. साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखी तारेने जोडायची) सुमारे ५५० एमबी देते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (बोर्डावरच्या एम.२ स्लॉटात थेट बसणारी) साडेतीन हजारांच्या आसपास. गेममध्ये हार्ड डिस्क ते साटा हा फरक प्रचंड आहे, साटा ते एनव्हीएमई थोडाच. बी४५०च्या एम.२ स्लॉटला चौथ्या पिढीची महाग ड्राइव्ह लावली तरी ती तिसऱ्याच्याच वेगाने चालेल, तेव्हा ते पैसे कार्डासाठी ठेवा. ५०० जीबी ही आज किमान, १ टीबी जमली तर उत्तम. एम.२ लावताना दोन गोष्टी चुकतात : तिचा इवलासा स्क्रू बोर्डाच्या खोक्यात राहून गेलेला असतो, आणि काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, मग माणसाला वाटतं हार्ड डिस्क गेली. बोर्डाचं मॅन्युअल आधी उघडा. स्टीमवरचे गेम पुन्हा उतरवायची गरज नाही, गेमच्या प्रॉपर्टीजमधून फोल्डर नव्या ड्राइव्हवर हलवता येतं.

आता कार्ड. आधी एसएमपीएस उघड्या डोळ्यांनी तपासा, कारण कार्डाची निवड तोच ठरवतो. लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं. तुम्ही १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. ३६-३७ अँपिअर असतील तर १२ने गुणून ४३०-४४० वॉट, म्हणजे माल खरा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या कित्येक एसएमपीएसवर '४५० वॉट' लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टवर १८ अँपिअर, म्हणजे प्रत्यक्षात २१६ वॉट. कार्डाला स्लॉटमधून ७५, ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॉट मिळतात. तुमच्या १६५०चा भार ७५ वॉटच आहे, त्यामुळे बऱ्याच १६५० कार्डांना वेगळी तार लागत नाही. म्हणूनच एसएमपीएसमधून ८ पिनची पीसीआयई तार निघते का हे तुम्ही कधी पाहिलंच नसेल. नसेल निघत, तर साटाच्या तारेवरून ८ पिन करणारा जोडक अजिबात लावू नका. साटा जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरती बनवलेली असते, कार्ड तिच्याकडून १५० मागेल, आणि प्लास्टिक वितळेल.

आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचं, ८ जीबीचं, एका ८ पिनवर चालणारं कार्ड. एएमडी स्वतः त्यासाठी ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा मानते. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉट ओढतं, तरी एनव्हिडिया ५५० वॉट सांगते, कारण सोबत कुठला प्रोसेसर आणि किती प्रामाणिक एसएमपीएस असेल हे कंपनीला माहीत नसतं. हिशोब केला तर कार्डाचे ११५, २६००चे फार तर ९०, बाकी सगळ्याचे ५०-६०. खऱ्या ४५० वॉटवर हे निभतं. पण तुमचा एसएमपीएस २०१९चा आहे. पाच वर्षं उलटलेली असतील आणि वॉरंटी संपली असेल, तर पुढच्या खर्चात ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस लिहूनच ठेवा. अपुऱ्या एसएमपीएसची खूण ठरलेली आहे : जड दृश्य आलं की पीसी निळा पडदा न दाखवता एकदम बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो.

तुमच्या पैशांत रॅम आणि एसएसडी घेऊन ६६०० नवं बसलं तर तेच घ्या. न बसल्यास कार्ड दोन महिने थांबवा, रॅम थांबवू नका. जुनं १६५० विकून थोडी भर पडेल; तार न लागणाऱ्या कार्डाला जुन्या ऑफिस पीसीवाल्यांकडून मागणी असते. नावांच्या सापळ्यात मात्र पडू नका. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ४ जीबीचं आहे आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरतं. तुमच्या बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे आणखी अर्ध्या वेगाच्या. आरटीएक्स ३०५० दोन आहेत : ८ जीबीचं २५६० कोअरचं, आणि ६ जीबीचं २३०४ कोअरचं, मेमरीची वाटही अरुंद. आरटीएक्स ३०६० १२ जीबीत १९२ बिटांचं, ८ जीबीत १२८ बिटांचं. खोक्यावरचं नाव तेच. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहक आहे, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आणि तगडा प्रोसेसर लागतो, २६०० सोबत ते पूर्ण चालत नाही. आणि एक गोष्ट तुमच्या १६५०बद्दल : २०२४पासून काही मोठे गेम कार्डात हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करण्याची सोय) नसेल तर सुरूच होत नाहीत. डिसेंबर २०२४चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५चा डूम : द डार्क एजेस ही उदाहरणं. तिथे सेटिंग कितीही उतरवली तरी उपयोग नाही.

कार्ड बदलल्यावर २६०० आडवा येईल, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने निराश होऊ नका. प्रोसेसर अडवत असेल तेव्हा चित्राची गुणवत्ता वाढवणं जवळजवळ फुकट असतं : टेक्स्चर, सावल्यांचा बारकावा वाढवा, फ्रेम्स तेवढ्याच राहतील. वाढवू नये ते गर्दीची घनता, लांबचं दृश्य आणि रे ट्रेसिंग. हे तिन्ही प्रोसेसरवर भार टाकतात. डीएलएसएस आणि एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणाऱ्या सोयी) कार्डाचं ओझं हलकं करतात, प्रोसेसरचं नाही. फ्रेम जनरेशनने (मधल्या फ्रेम्स कार्डानेच रचून घालण्याने) आकडा फुगतो, हाताचा प्रतिसाद सुधारत नाही.

प्रोसेसरची पाळी येईल तेव्हा बोर्ड बदलायचा नाही. बी४५०वर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. २६०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि तीही दोन तुकड्यांत. ५६०० मध्ये ३२ एमबी सलग. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांना हीच कॅश आवडते. इथेही नावं जपून वाचा : ५५०० आणि ५६००जी यांत कॅश १६ एमबीच आहे. आकड्यात थोडा फरक, गेममध्ये बराच. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, नवीन लावून नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटची. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. प्रोसेसर बदलला की टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा त्यातला भाग) बदलतं आणि विंडोज ती की मागतं; नसेल तर डेटा गेला. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना विंडोज अस्सल आहे का ते तपासणारी सेटिंग) आपोआप मूळ स्थितीला जातात. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, त्यामुळे 'अपडेट केलं आणि गेम उघडेना' ही तक्रार नेमकी इथून येते.

कूलर काढताना घाई नको. एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात, आणि सुकलेली थर्मल पेस्ट प्रोसेसरला कूलरसकट उपटून आणते, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करा, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलका पिळा आणि मग उचला. स्क्रू सुटले की बोर्डामागची पट्टी खाली पडते, तिला मागून हात लावून धरा.

व्हॅलोरंट हाच तुमचा मुख्य गेम असेल तर मॉनिटरचाही विचार करा. आज १२० एफपीएस मिळाले तरी ७५ हर्ट्झचा पडदा सेकंदाला ७५च चित्रं दाखवतो. १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, आणि हा फरक नेम धरताना डोळ्यांना कळतो. त्यातही आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ७५ निवडलेलं आहे का बघा. अनेकांचं ६०वर राहिलेलं असतं.

नाशिकचा उन्हाळा या हिशोबात धरावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि कॅबिनेट प्लायवूडच्या टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर आतली हवा त्याहून गरम. खोली जितके अंश तापेल साधारण तितकेच अंश आतही वाढतात. जानेवारीत नीट चालणारा पीसी मेमध्ये अडखळतो तो यामुळेच. वीस मिनिटं खेळून क्लॉक पाहा. २६००चा मूळ क्लॉक ३.४ गिगाहर्ट्झ आहे. गेममध्ये तो त्याखाली उतरत असेल आणि तापमान ९५च्या जवळ असेल, तर नवा पार्ट नको, सफाई आणि पेस्ट हवी. कॅबिनेटची बाजू उघडून तीच फेरी करा. ८-१० अंश उतरले तर समोर १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावा. सातपूर-अंबडच्या बाजूला धूळ जास्त. तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पण पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर ती वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

खरेदीचं म्हणाल तर कॅनडा कॉर्नर आणि एम.जी. रोडला भाव विचारा, ऑनलाइन भाव पाहा, आणि फरक मोठा असेल तरच पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून मुंबईतला कॉम्प्युटर बाजार, लॅमिंग्टन रोड गाठा. एका स्टिकसाठी ती फेरी परवडत नाही, कार्ड आणि एसएमपीएस एकत्र घ्यायचे असतील तर परवडू शकते. सिरियल क्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका, वॉरंटी त्यावरच चालते. जुनं कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्या पीसीवर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. आरएक्स ५८० म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कार्डांत २०४८ शेडर (इथे अर्थ कार्डातले कोअर) असतात, खऱ्यात २३०४. मग ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी अर्धा तास. एकही एरर आली तर कार्ड तिथेच ठेवून या.

शेवटी वीज. घराघरांत दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास देतो. आज तुमचा पीसी मॉनिटर धरून दीडशे-दोनशे वॉटच्या आत खेळतो, म्हणून तो निभतो. ६६०० बसलं की भार तीनशेच्या दिशेने जाईल. वीज गेली की जुनी बॅटरी मिनिटभरही धरणार नाही. गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण एकदा बंद करून पाहा, अर्थात सेव्ह करून. सेव्ह करून पीसी बंद करण्याइतके दोन-तीन मिनिटं मिळत नसतील तर बॅटरी बदला किंवा १००० व्हीएच्या पुढचा यूपीएस घ्या. बायोस अपडेट तर पावसाळ्यात विजा चमकत असताना करूच नका. मध्येच वीज गेली आणि बोर्डात बायोस परत लिहिण्याची वेगळी सोय नसेल, तर बायोसची चिप काढून प्रोग्रॅमरवर लिहून आणावी लागते.